पाच सूत माया

कोट काखेत दाटत होता म्हणून मी मॅविस ऑक्स्टोबीकडे गेले.
यॉर्कशरमधलं गाव. खाण बुजवलेली,
वर गवत, दोन बाक, आणि कुत्री फिरवणारी माणसं.
तिने कोट उलटा केला, आतून चाचपला.
"सीम चांगली आहे," म्हणाली, "सैल होईल."

सीम म्हणजे शिवण. एवढं मला येत होतं.
शाळेत असंच शिकवलेलं: एका शब्दापुढे एक अर्थ,
फळा पुसायच्या आत उतरवून घ्या.

मग भिंतीवरच्या फोटोवर सुई रोखत ती म्हणाली,
"हा क्लिफर्ड. एकतीस वर्षं सीममध्ये."
मी विचारलं, "तेही शिंपी होते?"
ती इतकी हसली
की तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवाव्या लागल्या.

दोन खडकांच्या मधे दगडी कोळसा, तीही सीम.
त्याची होती एकोणतीस इंच उंच.
तेवढ्यात माणूस बसत नाही,
कुशीवर निजून खणतो.
"घरीसुद्धा तसाच झोपायचा.
पलंग एवढा ऐसपैस, आणि हा कडेला, चिमटीत मावेल असा."

एकदा छत आलं अंगावर.
जखम भरली, पण कोळशाची भुकटी आतच राहिली,
मानेपासून कमरेपर्यंत निळी रेघ.
तीही सीमच.
कोणी शिवलेली नव्हती.
दिवा मालवल्यावर मॅविस तिला शिवायची,
नुसत्या बोटाने.

तेवढ्यात नातू आला, डेक्लन,
पँटच्या मांडीवर लाल डाग, हातात चेंडू.
सीम उभी धरून टाकतो म्हणे,
टप्पा पडल्यावर कुठे वळेल ते त्यालाही ठाऊक नसतं.
"टाके मोजलेत मी," आजी म्हणाली,
"हातचे आहेत. मी असते तर जरा आवळले असते."

तो गेल्यावर बराच वेळ फक्त कात्रीचं टोक बोलत होतं.

मग: "लग्नातला सूट मीच शिवला होता त्याचा.
पोट सुटलं तेव्हा दोनदा सैल केला.
पुढे छातीत धूळ वाजायला लागली,
दर महिन्याला थोडा आत घेत गेले.
शेवटी बाहेरपेक्षा आतच जास्त कापड होतं."

मी विषय बदलला. विचारलं,
हे आत सोडतात त्या कापडाला काय म्हणता?
"अलाउअन्स."
कोरडा शब्द, भत्त्याचा.
खाणवाल्यांच्या विधवांना घरपोच कोळसा यायचा, तोही अलाउअन्सच.
म्हटलं, आमच्याकडे शिंपी त्याला माया म्हणतात.
"माया," तिने जिभेवर ठेवून पाहिलं. "म्हणजे?"

आता आली पंचाईत.
जीव लावणं, म्हटलं.
शिवाय देवाने केलेली फसवणूक.
शिवाय लाच खाऊन जमवलेला पैसा.
"एकाच शब्दात?"
तुमची सीम काय कमी आहे, म्हटलं.

तिने पट्टी लावली: पाच अष्टमांश इंच.
आमचे पाच सूत.
सूत म्हणजे दोरासुद्धा,
पण ते सांगायचं राहिलं, तिला दुकान बंद करायचं होतं.

गुरुवारी कोट मिळाला. बारा पाउंड.
काखेखाली जुन्या टाक्यांच्या भोकांची रांग,
आणि तिच्यापलीकडे बोटभर पट्टी,
कधीच ऊन न लागलेली,
बाकी कोटाहून कितीतरी गडद.

"आता आत काही उरलं नाही," मॅविस म्हणाली,
"अजून जाड झालीस तर नवा घे."
आणि त्या पट्टीवरून अंगठा फिरवला,
वरून खाली,
एकदाच,
इस्त्री करण्याइतका सावकाश.