शुक्रवारची एक जागा

सुरुवातीला एकच तक्ता होता:
नाव, तारीख, कुठून, कुठे.
एयदुनने तो रविवारच्या एका दुपारी बनवला
आणि संध्याकाळी मासे साफ करायला निघून गेला.

मग गाड्या आल्या. गाड्यांची लांबी आली.
मागे जोडलेला ट्रेलर कुठे लिहू, असं कुणी विचारलं.
ऑक्टोबरात मेंढ्या आल्या.
मेंढी प्रवासी की सामान,
यावर तोर्शहाव्नच्या धक्क्यावर, आमच्या ऑफिसात,
दोन आठवडे वाद चालला.
शेवटी तिला वाहन ठरवलं.
आजही मेंढीचं तिकीट काढताना
नंबरप्लेटचा रकाना रिकामा दिसला
की पडदा लाल होतो.

शवपेटीला तिकीट नसतं, पण जागा लागते,
म्हणून तिच्यावर शिक्का: 'परतीचं नाही'.
मग एका उन्हाळ्यात
एकेरी तिकिटाचे सगळे पर्यटक
फुकट पार झाले, तेव्हा कुठे कळलं.

आता एकशे चौदा तक्ते.
इथला एक धागा ओढावा
तर सँडोयचं मंगळवारचं वेळापत्रक उसवतं.
मी आधी टेस्ट लिहिते, मग एकच रकाना हलवते,
मग कॉफी. मग पुन्हा टेस्ट.
घाईने गाठ आवळते,
हे जाळी दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीला
कुणी शिकवावं लागत नाही.

असंच सोडवत सोडवत
एका रकान्यापाशी येऊन अडले.
नाव: 'तात्पुरतं_२'. वय: तेरा वर्षं.
'तात्पुरतं_१' कुठे गेलं, कुणालाच ठाऊक नाही.
दर शुक्रवारी, संध्याकाळच्या फेरीला,
तो एक जागा विकू देत नाही.
कोड मला सांगतो, कसं.
का, ते विचारलं की गप्प.

एयदुनला फोन केला. त्याला आता कमी ऐकू येतं.
तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा म्हणाला,
'ती होय? सुईणीची.'
मालान शुक्रवारी पलीकडे जायची,
कुठल्या घरी, हे बाळ ठरवायचं.
तिला आगाऊ नोंदणी कर म्हणून
कुठल्या तोंडाने सांगायचं?

मालान जाऊन नऊ वर्षं झाली.
आता हेलिकॉप्टर येतं.
सुन्नुवाने लगेच हिशेब मांडला,
रिकाम्या शुक्रवारांचा, क्रोनरमध्ये,
आणि आकडा मोठ्याने वाचला नाही.

मी 'तात्पुरतं_२' काढून टाकलं.
त्याजागी छोटासा तक्ता, चार रकाने:
कोणासाठी, का, कोणी सांगितलं, कधीपर्यंत.
पहिली ओळ मालानची.
'कधीपर्यंत'मध्ये आजची तारीख घातली.
बोट जरा वेळ कळीवरच राहिलं, एवढंच.

जागा चार मिनिटांत विकली गेली.
घेणाऱ्याचं नाव मी मुद्दाम पाहिलं:
मालानचा कुणी नाही,
तिच्या हातून जन्मलेलाही नाही,
दात दाखवायला निघालेला एक डेनिश माणूस.

ओळ पुसली नाही मात्र.
मुदत संपलेली, क्रमांक एक,
पुढे जो कुणी इथे बसेल
त्याला वाचता येईल अशा अक्षरांत.

उद्या मेंढ्या.