वाऱ्याचे एकोणीस

चौथ्या दिवशीही वारा उजवीकडूनच आला.
माझा उजवा कान आता डाव्याहून म्हातारा आहे.
पॅटागोनियात सायकल सरळ न्यायची
तर ती तिरपी धरावी लागते,
हट्टी वासरू दाव्याने ओढावं तशी,
आणि वारा श्वास घ्यायला मधेच थांबला
की आपणच तोल जाऊन रस्त्याच्या मधोमध.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात.
माझं मागच्या चाकावर:
तंबू, स्टोव्ह, पातेलं, अर्धा किलो तांदूळ,
आणि मोज्यांचा एक कोरडा जोड, जो मी कधीच घालत नाही.
कोरडं काहीतरी आपल्याजवळ आहे
एवढ्यासाठीच बाळगते.

तंबूचा खांब दुपारीच मोडला.
म्हणून रात्र रस्त्याखाली काढली,
पाणी जायच्या नळकांड्यात.
पाणी तिथे वर्षातून दोनदा येत असेल,
बाकीचे दिवस लेंड्या आणि वारा.
पश्चिमेचं तोंड सायकलने, पिशव्यांनी बुजवलं,
तरी बाटलीत फुंकल्यासारखा तो रात्रभर घुमला.
डोक्यावरून ट्रक गेला. एकच.
सांध्यातून चिमूटभर माती भातात पडली.
मी तो भात खाल्ला.

सकाळी पूर्वेच्या तोंडाशी दोन बूट.
मग गुडघे.
मग वाकलेला, दाढी वाढलेला चेहरा.
आन्सेल्मो किलाकेओ, रस्ताखात्याचा माणूस,
नळकांड्यांत काय अडकलंय ते बघत फिरणारा.
गेल्या महिन्यात मेलेला ग्वानाको निघाला, म्हणाला,
त्याआधी फ्रिजचा दरवाजा.
तू हलतेयस, म्हणजे वहीत लिहायला नको.

गाडीच्या आडोशाला त्याने तुंब्यात माते भरला.
पहिला स्वतः प्याला, दुसरा मला. नळी एकच.
मी लगेच "ग्रासियास" म्हणाले
आणि त्याने तुंबा काढून घेतला.
इथे आभार मानले की "आता पुरे" असा अर्थ होतो,
हे मला फार उशिरा कळलं.
जिभेवर एका घोटाचं कडूपण घेऊन
मी त्याला एकट्याने थर्मास संपवताना बघत बसले.

माझं तुटलेलं कॅरियर त्याने कुंपणाच्या तारेने बांधलं,
पक्कडीने सहा पीळ, सातवा उगाच.
मग आभाळाकडे नाही, गवताकडे बघून म्हणाला,
आज नको. आज गाडीत बैस.

अकरा महिने मी एक मीटरही कुणाच्या गाडीने गेले नव्हते.
हे मी त्याला सांगितलं,
तोडक्या स्पॅनिशमध्ये ते नवसासारखं ऐकू आलं असावं.
कुणाला बोललीस, त्याने विचारलं.
उत्तर आठवेना.
बसले.

सत्तावीस वर्षं तो याच एकशेचाळीस किलोमीटरवर आहे,
वर आणि खाली.
नेलिदाने, म्हणजे बायकोने, एकदा हिशेब मांडला होता:
पृथ्वीला सतरा फेऱ्या.
तिचं गणित कच्चं होतं, तो म्हणाला. पंधरा असतील.
होतं म्हणाला. मी पुढे विचारलं नाही.
बाहेर एक कोल्हा वाऱ्याकडे पाठ करून उभा,
शेपूट त्याच्याआधी पुढे गेलेली.

बासष्ट किलोमीटरनंतर पेट्रोलपंपाशी उतरवून घेतलं.
या वेळी आभार मानले नाहीत.
तो हसला, तुंबा दाखवला, गेला.

रात्री भिंतीला टेकून आकडे लिहायला बसले
तर मीटरवर एकोणीस किलोमीटर जास्त.
दोनदा तपासलं.
मग लक्षात आलं:
मागच्या हौद्यात आडवी बांधलेली सायकल,
तिचं पुढचं चाक मोकळं,
आणि वारा उजवीकडून.

हे एकोणीस मी चालवले नाहीत.
आन्सेल्मोनेही नाहीत.
वही उघडून पेन्सिल हातात धरली, वजा करायला,
तेवढ्यात पंपावरच्या पोराने दिवा मालवला.
ते अजून बेरजेतच आहेत.