डाव्या खांद्यावरची चुणी

फोटो एकदाच काढला, मे महिन्यात,
धुळ्याच्या आग्रा रोडवर, दुकानामागच्या गोडाऊनमध्ये,
कूलर बंद ठेवून,
कारण वाऱ्यानं पदर हलायचा.
नाशिकच्या मॉडेलचा भाव ऐकून झुंबरलालशेठ
थोडा वेळ गप्प बसले,
मग गठ्ठे सोडणाऱ्या बेबाबाईला हाक मारली.

साडी कोरी हवी होती. पांढरी काढली तर
बाई दोन पावलं मागं सरली.
‘धवळी नको माले. मना धनी जित्ता शे.’
मग राखाडी. ओल्या सिमेंटसारखी.
काम त्यावरही होतं,
उजेड थोडा वाढवावा लागतो.

तेव्हापासून ती माझ्या पडद्यावर उभी आहे.
मान शेठनी कापायला सांगितली,
म्हणजे फोटोतली.
गळ्याखाली काळ्या पोतीचे चार मणी उरले,
ते मी पुसले नाहीत.

आधी घड्यांचा नकाशा काढायचा,
सगळा रंग उपसून, नुसता उजेड आणि सावली.
मग सुरतेहून मेलवर आलेलं सपाट डिझाईन
तिच्यावर टाकायचं.
पहिल्यांदा ते भिंतीवर पेपर चिकटवल्यासारखं बसतं.
नकाशा लावला की काठ वळतो,
निऱ्यांत बुट्टी अर्धी बुडते,
गुडघ्याशी वेल जरा बाजूला सरकते,
आणि कापडाला कळतं
की आत कुणीतरी आहे.

डाव्या खांद्यावर मात्र एक चुणी आहे, तिरपी.
कुठलंही डिझाईन आणा,
तिथं मोराची मान मोडते,
कोयरीचं टोक तुटतं.
दोनदा मी ती सपाट करायला गेलो.
केली, तर खांदाच गेला,
पत्र्याची दिसायला लागली बाई.
मुकाट्यानं मागं आलो.
गठ्ठे उचलून उचलून तो खांदा खाली उतरलाय,
हे मला साडीकडे बघून कळलं.
बाईकडे बघून नाही.

सहाशे बारा साड्या नेसली ती अशी,
लग्नबस्त्याच्या, आखाजीच्या सेलच्या,
एकीलाही घामाचा डाग नाही.

एका रात्री काम नव्हतं,
मी माझंच एक डिझाईन केलं.
केळीची सुरळी उलगडतानाचा हिरवा,
काठाला उकललेली कापसाची बोंडं,
पदर मोकळा.
तिच्यावर टाकलं.
चुणीत काही मोडलं नाही,
एक बोंड बरोबर तिथं येऊन उकललं.
शेठच्या यादीत हळूच घातलं, मधल्या पानावर.
आमच्याकडे आधी चित्र, मग बुकिंग, मग माल.
बुकिंग एकही आलं नाही.

पुढच्या वर्षी, दिवाळीआधी,
बेबाबाई गिऱ्हाईक होऊन आली.
हात पदराला पुसून
काउंटरवरच्या टॅबवर बोट फिरवत राहिली.
‘हाई कोण शे? हिन्या बठ्या निऱ्या वाकड्या शेतस.’
मी मीटर-पट्टी उगाच सरळ करत बसलो.
मग बोट खांद्याशी थांबलं.
तिनं स्वतःचा खांदा चाचपला, डावा,
आणि तोंडावर हात धरून हसली.
‘अय बाई! हाई ते मीच शे.’

मग भरभर पानं सरकवली,
लाल नको, जांभळी नको,
मधल्या पानावर आली.
‘माले हाईच जोयजे.’

स्टॉक नाही, म्हणालो.
तिनं एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.
‘मंग मना आंगवर कशी शे?’

बाहेर टेम्पो लागला होता. तिला हाक आली.
ती गेली, पहिला गठ्ठा घेतला,
डाव्याच खांद्यावर.

मी सुरतेला फोन लावला,
कमीत कमी किती पीस विणाल, विचारलं.
साठ, म्हणाले.
वहीत एक नाव लिहिलं.
एकोणसाठ जणी अजून शोधतोय.