कुणाच्या कारकिर्दीत

आमच्या घरात साल कुणी सांगत नाही.
आई गेली ती प्रडहोच्या वेळी.
ऱ्होना जन्मली टियर्नीच्या पहिल्या हंगामात,
नोव्हेंबरात, तळाहून दुसरे होतो तेव्हा.
दवाखान्यात तारीख विचारली की
मला आधी गोल आठवतात, मग महिना.

विल्फ प्रडहो. माझा पहिला.
बाबांनी मला मासळीच्या उपड्या खोक्यावर उभं केलं
आणि बोट दाखवलं: तो बघ, ऑर्मविक टाउनचा मॅनेजर.
टोपी, पाइप, गुडघ्याशी म्हातारी कुत्री.
गोल झाला की कुत्री उठायची, प्रडहो नाही.
संघ तो पाकिटाच्या मागे लिहायचा,
कधी नऊच नावं लिहून विसरायचा,
उरलेले दोघे आपापल्या बुद्धीने मैदानात उतरायचे.

मग एक होता, नाव अगदी ओठांवर आहे,
अकरा दिवस टिकला.
त्याच्या पाटीचा रंग वाळायच्या आत दुसऱ्याची पाटी.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात,
ह्याला दोन जास्त मिळाले.

गिलँडर्स स्कॉटलंडचा.
त्याचं बोलणं खेळाडूंनाही कळत नसे.
म्हणूनच बचाव भक्कम, बाबा म्हणायचे,
घाबरून सगळे मागेच थांबतात.
एका थंडीत पंधरा सामने, त्यातले सात शून्य-शून्य.
मी तेव्हा शेडमध्ये डबे भरायचे,
हाताला वास, मफलरला वास,
तरी त्या शून्य-शून्यची वाट बघायचे
पगाराची बघावी तशी.

आणि इमन टियर्नी.
त्याने आम्हाला वर नेलं. एकदाच. एकच पायरी.
तळघरातून तळमजल्यावर, दुसरं काय,
पण उजेड केवढा आला!
बंदरातल्या बोटींनी भोंगे वाजवले,
स्लिंग्सबी बेकरने निळे पाव भाजले,
कुणी खाल्ले नाहीत, सगळ्यांनी विकत घेतले.
ऱ्होना माझ्या खांद्यावर झोपली होती,
तिच्या लाळेने कॉलर भिजली. ती मी महिनाभर धुतली नाही.

दोन वर्षांनी ओळीने नऊ सामने हरलो.
आणि मी, हो, मीच,
त्याच पायरीवर उभी राहून ओरडले:
टियर्नी, चालता हो.
बाराशे माणसं ओरडत होती.
एवढ्या आवाजात आपला कुठला, कळत नाही म्हणतात.
मला माझा कळला.

सोमवारी बेकरीत तो माझ्या पुढे, रांगेत.
सहा पाव, म्हणाला. मग म्हणाला, नको, चारच.
वळला. ओळख नव्हतीच, तरी म्हणाला,
थंडी आहे, नाही?
मी म्हटलं, हो. समुद्रावरून येतेय.
एवढंच झालं.
पाव घ्यायला मी आले होते की नव्हते,
तेही आठवत नाही.

पुढचे पटापट गेले.
क्रेकने पाय बंद केली, मटणाची, मैदानावरची.
त्याला लोकांनी हरण्यापेक्षा त्याबद्दल जास्त शिव्या दिल्या.
मारुशिच झाग्रेबचा, गवत कापणाऱ्याच्या नातवाचंही नाव त्याला पाठ.
एकदा दोघे मिळून होते, एकमेकांशी न बोलणारे,
चिठ्ठ्या चहावाली नेऊन द्यायची.
स्टोबार्टच्या काळात मैदान विकायला निघालं.
विकत होता मालक, दगड आला स्टोबार्टच्या खिडकीवर.
बोल खायला एक माणूस पगारावर ठेवावा लागतो.
आमच्या घरात ते काम बाबा फुकट करायचे.

आता आहे तो चौतीस वर्षांचा, ऱ्होनाहून लहान.
हातात टॅबलेट, पायात पांढरे बूट,
ह्या चिखलात पांढरे!
शनिवारी मध्यंतराआधीच तीन गोल खाल्ले.
मागे एका पोराने सुरू केलं तेच, चालता हो,
चालसुद्धा तीच, इतक्या वर्षांत कुणाला नवी सुचली नाही.
माझं तोंड उघडलं होतं.
मग मी थर्मासचं झाकण काढलं,
लावलं, परत काढलं.
तो रेषेपाशी उभा होता, आमच्याकडे पाठ करून,
कॉलर कानापर्यंत.

ऐंशीव्या मिनिटाला आम्ही एक गोल केला.
कुत्री असती तर उठली असती.