तपकिरी, हिरवा, लाल

टेगनच्या बाराव्या वाढदिवसाला खोका आला,
हलवला की आत तांदूळ वाजावेत तसा वाजणारा.
गिटारचा आवाज फाडणारं पेडल, म्हणाली,
पण आधी ते आपण जोडायचं, टाडकी.
(वेल्समध्ये आमच्याकडे आजोबाला असंच म्हणतात.)
फाडायला कशाला पैसे, मी म्हटलं,
लोक शिवून घ्यायला देतात.

टेबलावर जुना टॉवेल पसरला,
सुट्या भागांसाठी ग्लेनिसची बशी घेतली.
एकतीस वर्षं मी खाडीकाठच्या कारखान्यात
वितळलेलं पोलाद टनांत मोजलं,
आणि आता हातात पेन्सिलीएवढी तापती सळई,
वितळवायचं काय, तर मुंगीच्या डोक्याएवढं कथील.
धूर तेवढा ओळखीचा.
नाही, तोही नाही. ह्याला राळेचा वास,
व्हायोलिनच्या पेटीसारखा.

टेगनने पत्रक वाचलं: दीड हजार ओहम,
तपकिरी, हिरवा, लाल. दे.
बशीत एकोणीस रेझिस्टर,
बारीक, कंबर आवळलेले, पट्ट्यापट्ट्यांचे,
मला सगळे एकाच चिखलाचे.
एक उचलला. हा नाही. दुसरा. तोही नाही.
तिसऱ्या वेळी ती बशीकडे नाही,
माझ्याकडे बघत होती.

टाडकी, तुला रंग दिसत नाहीत?

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
भरतीच्या दिवशी डॉक्टरकडे ठिपक्यांचं पुस्तक होतं.
माझ्याआधी आत गेलेल्या यवानने
बाहेर येऊन कानात आकडे सांगितले,
मी ते पाढ्यासारखे म्हणून दाखवले.
पुढे काही अडलं नाही.
वरचा दिवा थांब, खालचा दिवा चल.
भट्टीत तर निळ्या काचेतून बघायचं,
तिथे रंग नसतोच, कमीजास्त उजेड असतो.
फक्त ग्लेनिसला चाळीस वर्षं वाटत आलंय
की मी तिच्या कपड्यांकडे बघतच नाही.

बरं, म्हणाली टेगन. एवढंच.
मग ती रंग म्हणत गेली, मी डाख देत गेलो.
पिवळा, जांभळा, लाल. डाख.
तपकिरी, काळा, नारिंगी. डाख.
कपॅसिटरचा लांब पाय अधिककडे,
डायोडची पट्टी खिडकीकडे.
पायाने दाबायच्या बटणाला नऊ कान;
सातव्यात तार ओवताना अंगठ्याला चटका बसला,
तो वासावरून कळला. तिथली कातडी जाड आहे.

साडेनऊला बॅटरी जिभेला लावून पाहिली, जोडली.
दिवा लागला. तिने तार छेडली.
काही नाही.
भट्टी विझवली तेव्हाही
गेटवरचा दिवा महिनाभर चालू होता.

टेगनने ओठ चावला. पत्रक संपलं होतं.
मी पाटी उलटी करून दिव्याखाली तिरकी धरली.
साठेक थेंब. त्यातला एक निस्तेज,
काचेवर साबण सुकावा तसा.
निवताना हलला होता.
हा, मी म्हटलं.
कुठला?
हा. नीट बघ.
सगळे सारखेच तर आहेत, टाडकी.

पुन्हा तापवला. थेंबाने अंग सैल सोडलं,
पसरला, चकाकला.

मग जो आवाज आला
त्याने बशी टेबलावर चालायला लागली.
गिटार कसली, पत्र्याच्या छपरावरून कुणी साखळदंड ओढत नेतंय,
नेतंय आणि छप्पर संपत नाही.
टेगन हसत होती; तोंड दिसत होतं,
हसू ऐकू येत नव्हतं.
वरून ग्लेनिसने टाच आपटली, दोनदा.
अजून एकदा वाजव, मी म्हटलं.

टॉवेल झटकताना एक रेझिस्टर पडला.
जास्तीचा दिलेला, की लावायचा राहिलेला,
पट्टे सांगतील.
टेगन झोपलीय.
शर्टाच्या खिशात टाकलाय,
सकाळी विचारीन.