डावा कोपरा

श्रीहरी बोद्धूल. वय एकवीस. बी.ए. तिसरं वर्ष.
उंची पाच फूट नऊ, वजन अठ्ठ्याहत्तर,
त्यातले दोन किलो, तोच म्हणाला, आईच्या शेंगाचटणीचे.
मी हसलो नाही. फॉर्मात त्याला जागा नाही.

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत तीनदा पाहिला त्याला,
सोलापुरात, एप्रिलमध्ये. मॅट असा तापलेला
की चढाईला जाताना पोरं टाचा उचलून जायची.
हा कोपऱ्यात पाय रोवून उभा,
उन्हाचं भाडं आगाऊ भरल्यासारखा.

लिहिलं : घोट्याची पकड चांगली.
खोडलं. चांगली म्हणजे काय?
बोनससाठी चढाईपटूचा एक पाय रेषेपलीकडे येतो,
दुसरा हवेत असतो. तेवढाच वेळ.
तेवढ्यात हा खाली गेलेला असतो. झेप नाही घेत,
सांडतो,
भरली घागर लवंडावी तसा,
आणि घोटा गेला.

पण उतावीळ आहे.
अकरा पकडींत चारदा आधी गेला.
चारही वेळा समोरच्यानं नुसता खांदा हलवला होता.
लीगमध्ये खांदे हलवून पोट भरणारे डझनानं आहेत.
लिहिलं : फसतो.
हे नाही खोडलं.

मुजावर सर म्हणाले, रात्रपाळीला टॉवेलच्या लूमवर असतो,
सकाळी सहाला सुटतो आणि साडेसहाला सरावाला.
संघाच्या मालकांना असलं आवडतं,
लिलावाच्या रात्री पडद्यावर बरं दिसतं.
मी नाही लिहिलं. लूम कुणाचा घोटा धरत नाही,
आणि झोप न झालेला माणूस
तिसऱ्या आठवड्यात पाठीत मोडतो.

घरी गेलो, विडी घरकुलात.
आईच्या सुपात तेंदूची पानं, बोटं थांबेनात,
"कूर्चोंडी," म्हणाली, आणि पोराला,
अरे, वरचा डबा काढ.
डबा फळीच्या डाव्या टोकाला.
तो डाव्या अंगालाच उभा होता.
तरी वळला, भिंतीला पाठ लावली,
उजवा हात डोक्यावरून वाकडा नेला
आणि डबा उतरवला.

मी पाहिलं.
मी पाहिलं हे त्यानं पाहिलं.
आई विड्या मोजत होती, तेवीस, चोवीस, पंचवीस,
दोरा गुंडाळला.

मीही एकदा गुडघा लपवला होता,
साखर कारखान्याच्या संघात, नोकरीच्या आशेनं.
निवडणाऱ्यानं विचारलं, धावून दाखव.
दाखवलं.
आज जिना आडवा चढतो.
त्या निवडणाऱ्याला दिसलं नव्हतं
की दिसूनही त्यानं दया केली,
हे मला अजून कळलेलं नाही,
आणि दोन्हींतलं काय जास्त वाईट, तेही नाही.

फॉर्मात शेवटचा रकाना : दुखापत.
तो कोरा ठेवून उठलो.

गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला.
चटणीची पुडी त्याच्या उजव्या हातात.
मी हात पुढे केला.
त्यानं डावा दिला. दिला कसला,
मनगटच धरलं.
मी मनात मोजू लागलो, जुनी खोड,
चढाई तीस सेकंदांची.
दहाला हसत होता.
अठराला कपाळावर घाम,
तसा वारा सुटला होता तेव्हा.
पंचविसाला खालचा ओठ दातांत.
मी झटका दिला, खरा दिला,
पाहुण्यासारखा नाही.
रेषा माझ्यापासून लांबच राहिली.

तीस झाल्यावर त्यानंच सोडला
आणि पुडी दिली.

रिक्षात, अशोक चौकाच्या खड्ड्यांत,
रकाना भरला :
डावा खांदा. लिलावाआधी तपासून घ्यावा.
अक्षर वाकडं आलंय.
खड्डे होते, हे खरं आहे.
मनगटही दुखत होतं.