गाभण गाईचा माज

समडोळीहून रत्नाव्वाचा फोन, पहाटे पाच चाळीसला:
"बाई, तांबू रातभर हंबारतीया,
सोट टाकतीया, माजाला आलीया.
येताना कांडी घिऊनच या."

माझ्या वहीत तांबूच्या नावापुढे तारीख आहे.
अठ्ठ्याहत्तर दिवसांपूर्वी
मीच भरवली होती तिला.

गोठ्यात पेंडीचा वास. बाबगोंडानं शेपूट धरलं.
मला पाचवा सरलाय,
पोट खोड्याच्या दांडीला टेकतं,
म्हणून तिरकी उभी राहते आजकाल.
साबण, पाणी, खांद्यापर्यंत हातमोजा,
आणि डावा हात आत.

तिथं बोटांनीच बघायचं असतं.
उजवं शिंग फुगलेलं, मऊ, पाण्याचं.
चिमटीत धरलं,
आणि आतला पडदा हळूच निसटला,
ओल्या शेंगदाण्याचं साल निसटावं तसा.
उजव्या अंडाशयावर तो उंचवटा,
पीतपिंड,
घट्ट, जागेवर.

"रत्नाव्वा, कांडी परत ने ठेवते मी. गाभण हाय ही."
"मग माज कसला?"

मशीन लावलं.
डाव्या अंडाशयात काळा गोल, चौदा मिलिमीटर.
एक पुटक. चांगलं टपटपीत.

कसं सांगू तिला.
सांगलीत वाढलेय, मला हळदच सुचते.
पीतपिंड म्हणजे पिवळा गड्डाच की,
ते एवढंसं,
पण सगळ्या अंगाला सांगत असतं: दार लावलंय, आत कुणी आहे.
तरी मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी
आठ-दहा दिवसांनी हाक देतेच सवयीनं.
पाच-सहा पुटकं उठतात,
एक पुढं निघतं, बाकीची वाळतात.
ते पुढं गेलेलंही
उंबऱ्यापर्यंत जातं, उभं राहतं,
फुटायला शेवटचा धक्का लागतो, तो मिळत नाही,
मग तेही आत वळतं. विरतं.
नऊ महिने हे चालतं, कुणाला पत्ता नसतो.
एखादं मात्र तांबूच्यासारखं
जाताजाता एवढं काही सांडतं रक्तात
की गाय रात्रभर आपल्याला बोलावते,
आणि आपण कांडी घेऊन गेलो
तर आतलं वासरू जातं.

"म्हंजी खोटा माज," रत्नाव्वा म्हणाली.
खोटा नव्हे गं.
निरुपयोगी म्हण हवं तर.

माझ्यात असंही काही नाही.
बाईच्या जातीत हाकच बंद होते म्हणे;
पहिले दोन-अडीच महिने पीतपिंडानं राखण केली,
मग वारेनं किल्ल्या घेतल्या,
आणि माझी सगळी पुटकं
हरिपूरच्या पेवातल्या हळदीसारखी
माती लिंपून, हवा तोडून, निजलेली.
आजोबा सांगायचे, पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं.

"वासरू काय हाय, दिसतंय का वं?"
दिसत होतं. सांगितलं: कालवड.
बाबगोंडा हसला, रत्नाव्वानं
तांबूच्या कपाळाला हात लावून कडाकडा बोटं मोडली.
मग माझ्या पोटाकडं बघून, हळू आवाजात,
"मशीन हाय की जवळ. बघून घ्या की."

मी बटण बंद केलं.

असेल मुलगी,
तर आत्ता याच घडीला तिच्या त्या दोन दाण्यांत
साठ-सत्तर लाख बिया आहेत,
याहून जास्त तिच्याकडं कधीच नसतील.
जन्मापर्यंत दहा-वीस लाख उरतील.
कोण निवडतंय, कशावरून,
पुस्तकात त्याला नाव आहे, कारण पुरतं नाही.
मी इथं शेणानं माखलेला हात धुतेय
आणि माझ्या आत, अंधारात,
कुणाची तरी पेवं भरताहेत आणि रिकामी होताहेत
एकाच वेळी.

मुलगा असेल तर यातलं काहीच नाही.

वहीत तारखेखाली लिहिलं:
गाभण. डावीकडं पुटक, चौदा. भरवू नये.
तांबूनं पुन्हा मान वर करून हंबरडा फोडला,
शेजारच्या गोठ्यातून कुणी ओ दिली नाही.
"वरडू दे," रत्नाव्वा म्हणाली, पाण्याची बादली पुढं सारत,
"आजच्या दिस वरडंल.
मला बी व्हायचं असं, थोरलीच्या टायमाला.
कुणाला सांगायची सोय नव्हती."